निव्वळ

रात्रीचे साडेअकरा. काट्यावर गाड्यांची रांग,
आणि मोबाईल मी पावतीबुकाला टेकवून उभा केलाय.
पडद्यावर लाकडी फरशी, आरशासारखी,
तिच्यावर बुटांची चीं-चीं.
बाकावर सगळ्यात शेवटी
टॉवेल खांद्यावर टाकून बसलेली
यामिनी तोडासे. चौदा नंबर.
तीन सामने झाले, ती उठली ते फक्त पाणी द्यायला
आणि टाळ्या वाजवायला.

आमची फरशी या जिनिंगचीच.
हंगाम संपला की गंजीची जागा मोकळी व्हायची.
मे महिन्यात सिमेंट इतकं तापायचं
की रात्री नऊलाही चेंडू हाताला चटका द्यायचा.
रिंग केली गुलाब मिस्त्रीनं, गाठी बांधायच्या पट्ट्या जोडून.
पाटी म्हणजे जुन्या हापिसाचं दार, कडीसकट.
कडीवर आपटलेला चेंडू कुठे जाईल
हे देवालाही सांगता यायचं नाही,
यामीला यायचं.
मी खेळायची नाही. चष्मा फुटला असता तर दुसरा नव्हता.
मी गुण लिहायची, याच पावत्यांच्या पाठीवर.

जिल्ह्याला गेलो तेव्हा कळलं,
गुलाब मिस्त्रीची रिंग वीतभर खाली आहे.
यामीचा प्रत्येक चेंडू लोखंडाच्या ओठाला लागून परत.
येताना काळीपिवळीत ती कोणाशी बोलली नाही.
राळेगावच्या अलीकडे फाट्यावर उतरली, म्हणाली,
"वीतभर त आहे. कोणती मोठी गोष्ट."
दुसऱ्या दिवशी शिडी लावून दोघी चढलो.
दार वर सरकलं.
खाली भिंतीत जुन्या खिळ्यांची भोकं राहिली,
ती अजून आहेत, एकात चिमणीनं काड्या कोंबल्यात.

आता तिकडे आपल्या पोरी एकेचाळीसनं मागे.
समोरच्या देशाचं नाव मला धड म्हणता येत नाही,
त्यांच्या पोरी शिंदीच्या झाडांसारख्या सरळ वर गेलेल्या.
दोन मिनिटं उरली.
कोचबाई बाकाच्या टोकाकडे बघतात. बोट करतात.

"ओ मॅडम, काटा करता का सामना पायता?"
"थांब ना बाप्पा, दोन मिन्टं."
"दोन मिन्टं म्हनता म्हनता अर्धा घंटा झाला."
तो केबिनमधून उतरतो, खिडकीत डोकं घालतो.
"कोनती आपली?"
मी बोट ठेवते. बोटाखाली ती झाकूनच जाते.

धावते नुसती. चेंडू तिच्या वरून जातो, बाजूनं जातो,
तिच्याकडे येत नाही.
मग कसा कोण जाणे सापडतो,
आणि ती दोन शिंदींच्या मधून घुसते, आडवी पडते.
शिट्टी. दोन मोकळे फटके.

रेषेवर उभी राहते. चेंडू तोंडाजवळ धरते
आणि फुंकर मारते. हळू, दोनदा.
समालोचक म्हणतो, प्रार्थना करते आहे बहुतेक.
प्रार्थना कायची!
रुई उडवते ती.
आमच्या चेंडूला सदा रुई चिकटलेली,
फुंकली नाही तर बोटं घसरायची.
समुद्रापलीकडच्या त्या हॉलमध्ये
कापसाचा कणही नसेल,
पण ओठांना कोण सांगणार.

पहिला आत. जाळी सळसळली.
आमच्या रिंगला जाळी कधी नव्हतीच,
आत गेला की नाही यावरून भांडणं व्हायची.
दुसरा
ओठाला लागला.
वीतभर.

मग भोंगा, मग रांगेनं हातात हात.

"हारली?"
"हारली. चाळीसनं."
"मंग हासता काऊन?"

मी पावती उलटी केली,
पाठीवर लिहिलं: यामी, एक.
पुन्हा सुलटी केली.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ.
"घे वर," म्हटलं.
ट्रक चढला. लोखंडी पाट कण्हला.
लाल आकडे थोडा वेळ थरथरत राहिले,
मी घाई केली नाही.